थांबलेल्या ट्रकमधील उन्हाळा

ठाण्याहून जुन्या रस्त्याने भिवंडीकडे निघालेल्या माणसाला कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे आज गावे म्हणून ओळखू येणे कठीण झाले आहे. खाडीकाठची भातशेती मागे हटली आणि तिच्या जागी पत्र्याच्या छपरांची गोदामे रांगेने उभी राहिली. या स्थित्यंतरामागील कारण साधे होते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या हाताशी. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आणि न्हावाशेवा बंदरापासूनही फार दूर नाही, अशी ही जागा व्यापाऱ्याच्या दृष्टीने सोयीची ठरली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व मुंबईची जकात गेली. पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढतच राहिली. शिक्षकाच्या घरातील पंखा, कारकुनाच्या टेबलावरील कागद, विद्यार्थ्याच्या हातातील वही यांपैकी कोणत्या वस्तूने राहनाळच्या आसपास एखादी रात्र काढली असेल ते सांगता येत नाही, इतका हा पट्टा आपल्या रोजच्या जीवनाशी जोडला गेला आहे.

वस्तूंनी ती रात्र छपराखाली काढलेली असते. ज्याने त्या आणल्या त्याचा मुक्काम मात्र रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या केबिनमध्ये असतो. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी या रस्त्यावरून जाणाऱ्याने चालत्या ट्रकांकडे न पाहता उभ्या ट्रकांकडे पाहावे. दारे उघडी, समोरच्या काचेला आतून लावलेले गोणपाट किंवा जुनी चादर, आसनावर आडवा झालेला चालक आणि ट्रकच्या पोटाखालच्या सावलीत अंग टाकलेला क्लीनर, हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्याकडे पाहून कोणाला काही वाटेनासे झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हे न वाटणे हा आहे.

नियमाने दिलेला गारवा

या बाबतीत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ रोजी व त्यानंतर तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या प्रत्येक मालवाहू वाहनाच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बसविणे बंधनकारक केले. मंत्री नितीन गडकरी यांनी त्याच वर्षीच्या जून महिन्यात या निर्णयाचे सूतोवाच केले होते, आणि खर्च वाढेल या सबबीखाली काहींनी पूर्वी या कल्पनेला विरोध केला होता, हेही त्यांनी सांगितले होते. या निर्णयाचे निःसंकोच स्वागत केले पाहिजे.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून मोटारी व ट्रक बाहेर पडू लागले; १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रकांचे उत्पादन सुरू झाले. पण त्या काळापासून पुढे कित्येक वर्षे कारखान्यातून बाहेर पडत असे तो बहुधा केवळ सांगाडा: इंजिन, चाके आणि चौकट. मालाची पेटी आणि माणसाची केबिन ही दोन्ही कामे रस्त्यालगतच्या सुतार-लोहारांकडे जात. लाकडी फळ्या, वर पातळ पत्रा, पायाशी किंवा बाजूला तापलेले इंजिन आणि त्यावर घातलेले एक जाडसर आवरण, अशी ही केबिन असे. तिला रंगरंगोटी असे, देवादिकांची चित्रे असत, झालरी असत. नसे ती उष्णता अडविणारी एखादी थरदार भिंत. १९९८ नंतर परदेशी बनावटीचे वातानुकूलित अवजड ट्रक या देशात आले, तेव्हा तीही एक चैनीचीच वस्तू म्हणून पाहिली गेली. जमशेदपूरच्या त्या पहिल्या ट्रकापासून २०२५ च्या नियमापर्यंत एकाहत्तर वर्षे गेली. आपल्या देशाने या काळात पुष्कळ प्रगती केली. परंतु ट्रक हाकणाऱ्याला ऊन लागते, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहिण्यास तिला इतका अवधी लागला.

विरोधकांचे दोन आक्षेप होते. पहिला खर्चाचा. लाखो रुपये किमतीच्या वाहनात या यंत्रणेचा वाटा अल्प असतो, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांच्या खेपांवर तो वाटला तर प्रत्येक खेपेमागे उरणारी रक्कम क्षुल्लक ठरते. दुसरा आक्षेप अधिक मासलेवाईक होता. गारव्यात चालकाला झोप लागेल व अपघात होतील, असे गंभीरपणे सांगितले जात असे. हाच न्याय लावायचा तर वातानुकूलित मोटारीतून फिरणारे सगळे मालक आतापावेतो झोपी गेलेले असायला हवेत. वास्तविक चालकाला झोप येते ती झोप न मिळाल्यामुळे, आणि उन्हाळ्यात ती मिळत नाही ती मुख्यत्वे उकाड्यामुळे. रात्री गाडी हाकणाऱ्याने दिवसा तापलेल्या पत्र्याखाली झोपावे आणि पुन्हा रात्री ताजेतवाने होऊन चक्र हाती घ्यावे, ही अपेक्षा करणाऱ्याने स्वतः एक दिवस ती पुरी करून पाहावी.

शरीराचा हिशेब

येथे प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. मानवी शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते व त्वचेचे त्याहून थोडे कमी, सुमारे ३५ अंश असते. भोवतालची हवा यापेक्षा थंड असते तोवर शरीरातील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की हा मार्ग बंद होतो. इतकेच नव्हे तर उलटा वाहू लागतो. मग उरतो एकच उपाय, घाम. एक लिटर घाम अंगावरून पूर्णपणे वाळला तर तो आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातील 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. निथळून खाली पडलेला घाम शरीरातील पाणी व मीठ तेवढे नेतो. थंडावा देत नाही.

भारतीय हवामान खाते उष्णतेची लाट ठरविताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांची मर्यादा धरते, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांची. पूर्ण लाट म्हणण्यास तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी अधिक असावे लागते. किनाऱ्यासाठी मर्यादा खाली आणण्यामागे हेच घामाचे गणित आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी तापमानही अधिक जाचक होते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या सोहळ्याला जमलेल्या जनसमुदायातील दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी परिसरातील पारा सुमारे ३८ अंशांवर होता. विदर्भातील माणसाला जो आकडा सौम्य वाटेल तो किनाऱ्यावर प्राणघातक ठरू शकतो, हा त्या दुर्दैवी दिवसाचा धडा होय. राहनाळ त्याच किनारपट्टीवर, खाडीच्या त्याच दमट हवेत वसलेले आहे.

आता या हवेत एक पत्र्याची खोली ठेवावी, तिला पुढून भिंतभर काच लावावी आणि खाली नुकतेच बंद केलेले, कित्येक तास तापलेले इंजिन ठेवावे. उन्हात बंद करून उभ्या केलेल्या साध्या मोटारीच्या आतील तापमान तासाभरात बाहेरच्याहून वीस अंशांनी वाढू शकते. ट्रकची दारे उघडी ठेवल्याने हा फरक कमी होतो खरा. पण छपराचा तापलेला पत्रा माथ्यापासून हातभर अंतरावर असतो आणि त्याची धग हवेची वाट पाहत नाही. उष्णतेने प्रथम थकवा येतो, मग डोके दुखते, मळमळते, लक्ष विचलित होते, निर्णय उशिरा सुचतो. घाम आटणे, बरळणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे त्यानंतरची. रस्त्यावरील इतरांच्या दृष्टीने अधिक धोक्याची अवस्था ही मधली, जिच्यात माणूस स्वतःला ठीक समजतो. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी किती अपघातांमागे उकाडा व झोपेची थकबाकी होती, हे पंचनाम्यातून कळत नाही. पंचनाम्यात वेग लिहिला जातो, आदल्या दुपारची न मिळालेली झोप लिहिली जात नाही.

एका खेपेतील तीन हवामाने

चालकाच्या अडचणीला आणखी एक अंग आहे. राहनाळला माल भरून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालेला ट्रक सुमारे तीनशे किलोमीटरांच्या आत तीन निराळ्या हवामानांतून जातो. आरंभी भिवंडी-शहापूरची चिकट हवा. मग कसाऱ्याचा घाट. तेथे भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढते, इंजिन सर्वांत अधिक तापते आणि वेग नसल्याने खिडकीतून वारा मात्र सर्वांत कमी येतो. पुढे नाशिक ओलांडून मालेगाव-धुळ्याकडे उतरले की खानदेशची कोरडी झळ सुरू होते. उन्हाळ्यात तेथील पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि शेजारच्या जळगाव-भुसावळकडे तर ४५ अंशांचेही नवल राहिलेले नाही.

प्रत्येक हवेचा उपाय निराळा, आणि जुने जाणते चालक तो जाणतात. खानदेशात ओला पंचा मानेवर टाकावा, खिडकीला वाळ्याचा किंवा साधा भिजविलेला पडदा बांधावा; कोरड्या हवेत पाणी झटकन वाळते आणि त्या वाळण्यातूनच गारवा मिळतो. हाच पडदा राहनाळला बांधला तर आतली हवा अधिकच कोंदट होते. तेथे पडद्यापेक्षा वाहता वारा उपयोगी. पण पंख्यालाही मर्यादा आहे. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा शरीरावर गरम हवाच फेकतो, म्हणून त्यापुढे केवळ पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वत्र लागू पडणारे उपाय दोनच: छपरावर ऊन पडू न देणे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहणे. घाम फार गेला असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण औषधाच्या दुकानातील पुडीच्या जागी वेळेला कामास येते. चमचा मात्र चहाचा असावा.

हिवाळ्यात हेच चित्र उलटे होते. निफाडचा पारा राज्यातील नीचांकासाठी दर वर्षी वर्तमानपत्रांत झळकतो. द्राक्षाच्या हंगामात त्याच भागात रात्र काढणाऱ्या चालकाला पातळ पत्रा थंडीपासूनही वाचवीत नाही. उत्तरेत पंजाब-दिल्लीच्या धुक्यात किंवा काश्मीरच्या घाटांत अडकलेल्याची स्थिती याहून बिकट. तेथे ऊब मिळावी म्हणून केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून दारे-खिडक्या लावून घेण्याचा मोह होतो, आणि तो जिवावर बेततो. कोंडलेल्या जागेत अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; झोपलेला माणूस झोपेतच संपतो. या दृष्टीने पाहिले तर थर दिलेले छप्पर व नीट बसणारी दारे ही उन्हाळ्याइतकीच हिवाळ्याचीही गरज आहे.

थांबण्याची किंमत कोण देतो?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. २०२५ चा नियम नव्या ट्रकांना लागू आहे. रस्त्यावर आज धावणारे जुने ट्रक अजून कित्येक वर्षे धावत राहणार, आणि त्यांच्या केबिनीत काही बदल होणार नाही. ही मर्यादा कालांतराने आपोआप दूर होईल. दुसरी मर्यादा मात्र अधिक खोल आहे. ट्रकचे वातानुकूलन इंजिनावर चालते. गाडी धावत असते तोवर गारवा मिळतो. गाडी थांबली व इंजिन बंद केले की तो संपतो. आणि चालकाला उकाड्याचा खरा त्रास होतो तो गाडी थांबलेली असताना. धावत्या गाडीला निदान वारा असतो.

मग उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवावे, असे कोणी म्हणेल. मोठ्या ट्रकचे इंजिन उभ्याने चालू ठेवले तर ताशी दोन-तीन लिटरांपर्यंत डिझेल जळू शकते. खेपेचे डिझेल बहुधा किलोमीटरमागे ठरलेल्या 'अॅव्हरेज'ने मोजून दिले जाते आणि तूट आली तर ती चालकाच्या भत्त्यातून वळती होते. म्हणजे दुपारच्या चार तासांचा गारवा चालकाने स्वतःच्या खिशातून विकत घ्यावा, असा त्याचा अर्थ. तो घेणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची जरूर नाही. शिवाय तशी शेकडो इंजिने राहनाळच्या अरुंद रस्त्यावर दिवसभर धडधडत राहिली, तर त्यांचा धूर आणि धग गावकऱ्यांच्या घरात जाणार, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा प्रश्न असा की गाडी थांबते का, आणि कोणासाठी? एक कारण शहराचे आहे. ठाणे परिसरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. सकाळ व संध्याकाळ नोकरदारांच्या वाहनांसाठी राखलेली, म्हणून ट्रकांच्या वाट्याला प्रामुख्याने दुपार आणि मध्यरात्र येते. या व्यवस्थेला सबळ कारणे आहेत व ती मोडावी असे कोणी सुचविणार नाही. पण तिचा एक परिणाम असा की दिवसातील सुखाची वेळ आपण आपल्याकडे ठेवली आणि उन्हाची वेळ त्याच्याकडे दिली. निदान हे मान्य करून त्याची भरपाई करण्याची जबाबदारी तरी शहराने पत्करायला हवी.

दुसरे कारण गोदामाचे. माल घेऊन आलेल्या ट्रकला फाटकाशी क्रमांक मिळतो. कधी कागदपत्रांत खोट असते, कधी उतरवून घेण्याचा फलाट रिकामा नसतो, कधी संध्याकाळ झाली म्हणून 'उद्या' सांगितले जाते. तोवर चालकाने थांबायचे. त्याला गाडी सोडून कोठे जाताही येत नाही. डिझेल, ताडपत्री, सुटे चाक आणि मुख्य म्हणजे माल यांची जोखीम त्याच्यावर असते. झाडाची सावली पन्नास पावलांवर असली तरी ती त्याच्या उपयोगाची नाही. हा वेळ बहुतेक ठिकाणी फुकट धरला जातो. 'हॉल्टिंग'ची रक्कम करारात असली तरी ती मिळविण्यासाठी भांडावे लागते, आणि मिळाली तर ती मालकाला मिळते. ज्या गोष्टीला किंमत नसते तिची उधळपट्टी होते, हा व्यवहारातला जुना नियम आहे. चालकाचा वेळ गोदामाला फुकट मिळतो, म्हणून तो वाचविण्याची कोणाला निकड वाटत नाही. त्याच्या केबिनमधील उकाडा हा केवळ सूर्याने निर्माण केलेला नाही. त्यातील मोठा भाग दुसऱ्याच्या काटकसरीने निर्माण केलेला आहे.

याची प्रचीती घ्यायची असेल तर शीतवाहनांकडे पाहावे. नाशिकची द्राक्षे परदेशी निघतात तेव्हा शून्य अंशाच्या आसपास राखलेल्या पेटीतून बंदराकडे जातात. बऱ्याचशा लशी दोन ते आठ अंशांच्या मर्यादेत न्याव्या लागतात. या पेट्यांचे तापमान वाटेत नोंदले जाते, त्यात बिघाड झाला तर दावे होतात, नुकसानभरपाई द्यावी लागते. त्याच वाहनाच्या पुढच्या भागात बसलेल्या माणसाच्या तापमानाची नोंद कोठेही होत नाही. द्राक्ष नासले तर तोटा कोणाचा हे ठरलेले असते. माणूस खचला तर ते ठरलेले नसते.

हमालाला जे मिळाले

हे असेच चालायचे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राचाच इतिहास दाखविता येतो. ज्या ट्रकमध्ये चालक बसलेला असतो, त्यातील माल उतरविणारा माथाडी कामगार एके काळी त्याच्याहून असहाय होता. त्याला ठराविक मालक नव्हता, म्हणून कोणाची जबाबदारीही नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघर्षातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. त्याने मंडळे स्थापन झाली. ज्याचे काम तो त्या कामागे मजुरीबरोबर ठराविक वर्गणी मंडळाकडे भरील आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची तरतूद होईल, अशी व्यवस्था निर्माण झाली. त्या व्यवस्थेत पुढे दोष शिरले हे खरे. परंतु तत्त्व मोलाचे होते. कायमचा मालक नसला तरी कामाचा लाभ घेणारा असतो, आणि जबाबदारी त्याच्यावर टाकता येते, हे ते तत्त्व. राहनाळच्या फाटकाशी उभ्या असलेल्या चालकालाही हेच तत्त्व लागू करता येईल.

रेल्वेचे उदाहरणही विचारात घेण्यासारखे आहे. इंजिनचालक व गार्ड यांना घरापासून दूर मुक्काम करावा लागतो म्हणून रेल्वेने फार पूर्वीपासून रनिंग रूम बांधल्या. तेथे खाट असते, जेवण असते, न्हाणीघर असते. गाडी हाकणाऱ्याची विश्रांती ही प्रवाशांच्या सुरक्षिततेची बाब आहे, हे रेल्वेला कोणी नव्याने शिकवावे लागले नाही. रस्त्यावरही तसा कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली होती, आणि रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतिगृह देण्याचे बंधन मालकावर टाकले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता, आणि आपल्याकडील ट्रकमालक बहुसंख्येने एक-दोन, फार तर चार गाड्यांचे धनी. परिणामी कायदा पुस्तकात आणि चालक रस्त्यावर, अशी फारकत झाली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेने तो कायदा आपल्या पोटात घेतला. तिने मोटार वाहतूक उपक्रमासाठी कामगारसंख्येची अट दहावर नेली आहे. म्हणजे छोट्या मालकाकडील चालक पूर्वीपेक्षाही दूर ढकलला गेला.

म्हणूनच केवळ ट्रकमालकाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. एका गाडीच्या मालकाने राहनाळला, धुळ्याला आणि इंदूरला विश्रांतिगृहे बांधावीत, हे अशक्य आहे. ती बांधता येतात माल ज्यांच्या दारी येतो त्यांना, आणि त्या दारांना परवानगी देणाऱ्या शासनाला. महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिस्थाने उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ती स्तुत्य आहे. तथापि महामार्ग हा वाटेतील प्रश्न झाला. चालकाचे सर्वांत दीर्घ थांबणे वाटेत होत नाही, प्रवासाच्या दोन टोकांशी होते. आणि भिवंडीचा गोदामपट्टा हे देशातील अशा टोकांपैकी एक मोठे टोक आहे.

काय करता येईल?

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. भिवंडीभोवतीच्या गावांतील बांधकामाला परवानगी देताना गोदामाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ट्रक उभे करण्याची जागा, त्या जागेवर छप्पर किंवा झाडांची सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व स्नानाची सोय या अटी घालाव्यात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे तपासावे. या पट्ट्यातील अनेक बांधकामे अनधिकृत असल्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ती नियमित करण्याचा विचार जेव्हा होईल तेव्हा निदान ही अट तरी सोडू नये. लहान गोदामांना स्वतंत्र जागा परवडत नसेल तर राहनाळ-पूर्णा-काल्हेर या पट्ट्यासाठी एक सामायिक, पहारा असलेला ट्रकतळ उभारावा, म्हणजे चालकाला गाडी सोडून दोन तास निश्चिंत झोपता येईल. फाटकावर पोहोचल्याची वेळ नोंदवून तिची पावती चालकाला द्यावी, आणि ठराविक तासांनंतर थांबण्याचा आकार लागू व्हावा. त्यातील एक भाग थेट चालकाचा असावा. एकदा थांबण्याला किंमत लागली की फलाट आपोआप लवकर रिकामे होऊ लागतील.

जुन्या ट्रकांसाठीही काही करता येते. छपराला पांढरा, ऊन परतविणारा रंग, आतून उष्णतारोधक थर, इंजिनाच्या आवरणाखाली जाड गादी आणि उभ्या गाडीत काचेला बाहेरून आच्छादन, हे सारे गावच्या गॅरेजात होण्याजोगे काम आहे. काच आतून झाकण्यापेक्षा बाहेरून झाकणे अधिक गुणकारी, कारण ऊन काचेच्या आत येण्यापूर्वीच अडते. नव्या गाड्यांसाठी इंजिन बंद असतानाही चालणारी, वेगळ्या बॅटरीवरील थंडाव्याची यंत्रणा परदेशांत रूढ आहे. ती येथे बंधनकारक करण्याचा विचार आज ना उद्या करावा लागेल. मे २०१० मधील भीषण लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा तयार केला, आणि त्याचे अनुकरण पुढे अनेक शहरांनी केले. अशा आराखड्यांत बांधकाम मजुरांचा, फेरीवाल्यांचा विचार होतो. ज्याचे कामाचे ठिकाणच फिरते आहे तो चालक कोणत्याच शहराचा नसतो, म्हणून तो यादीतून गळतो. भिवंडीच्या आराखड्यात त्याला पहिले स्थान असायला हवे. या शहराची अर्धी कमाई त्याच्या चाकांवर येते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही.

जानेवारी २०२४ च्या आरंभी नव्या फौजदारी कायद्यातील तरतुदीच्या निषेधार्थ चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि मध्यमवर्गाला ट्रकचालकाची आठवण झाली. दोन दिवसांनी रांगा सरल्या, आठवणही सरली. आपल्या वर्गाचे या माणसाशी असलेले नाते असे अडचणीपुरते आहे. कचेरीत पंखा बंद पडला तर आपण अर्ज करतो, शाळेच्या वर्गात उकाडा असह्य झाला तर वेळ बदलून मागतो, आणि ते योग्यच आहे. कामाच्या जागी माणसाला माणसासारखे बसता यावे, ही मागणी कोणीही लाजू नये अशी आहे. ट्रकची केबिन ही कामाची जागा आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे ती वर्षातील बहुतेक रात्री एका माणसाचे घरही आहे. नियमाने त्या घरात यंत्र बसविले. त्या घराबाहेर सावली, पाणी आणि थांबण्याचा मोबदला देण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते दिल्लीत नव्हे, राहनाळच्या फाटकाशी व्हायचे आहे.